एका उणे चिन्हापायी

गुरुवार, रात्री उशिरा

कॅल्क्युलसच्या पेपरांचा गठ्ठा संपला, पण शेवटचा पेपर अजून टेबलावर आहे. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले होते.

प्रश्न रिलेटेड रेट्सचा (एक गोष्ट ठरावीक वेगाने बदलतेय, तर तिला जोडलेली दुसरी किती वेगाने बदलते?), नेहमीचाच. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली आहे, तिचा पाया सेकंदाला १ मीटर वेगाने भिंतीपासून दूर सरकतोय. पाया ३ मीटरवर असताना वरच्या टोकाचा वेग किती? पायथागोरस मांडायचा, दोन्ही बाजूंचा काळाच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, काढायचा, मग आकडे घालायचे. उत्तर उणे ०.७५. या मुलीने उंची ४ मीटर अचूक काढली, चेन रूल (बाहेरच्याचा डेरिव्हेटिव्ह गुणिले आतल्याचा) दोन्ही पदांना लावला, आणि शेवटच्या ओळीत पद पलीकडे नेताना उणे गाळलं. म्हणजे हिची शिडी खालून बाहेर घसरतेय आणि वरून भिंतीवर चढतेय!

मागच्या वर्षी मी १० पैकी ९ देऊन पुढचा पेपर ओढला असता. आता माझ्याकडे दोनच शिक्के आहेत, 'जमलं' आणि 'अजून नाही'. कुठला मारू?

ही उठाठेव माझी मीच ओढवून घेतलेली आहे, कुणी सांगितलं नव्हतं. सत्राचा अख्खा अभ्यासक्रम मोडून २० कौशल्यांची यादी केली: आलेखावरून लिमिट वाचणं, व्याख्येवरून डेरिव्हेटिव्ह काढणं, चेन रूल, महत्तम-लघुत्तम, रीमान बेरीज वगैरे. प्रत्येक कौशल्य एकतर जमलं किंवा अजून नाही. नाही जमलं तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा यायचं, आधीच्या अपयशाचा कुठेही हिशेब नाही. किती कौशल्यं जमली त्यावर श्रेणी, आणि त्यातली ८ मात्र प्रत्येकाला जमलीच पाहिजेत.

कारण झालं ते जुने पेपर. आवरताना सहज चाळले. साइन एक्स-वर्गचा डेरिव्हेटिव्ह विचारला होता, आणि पानांमागून पानांवर कॉस दोन-एक्स. बाहेरच्याचाही डेरिव्हेटिव्ह, आतल्याचाही, आणि दोन्ही एकमेकांत कोंबलेले. कॉस एक्स-वर्गला दोन-एक्सने गुणायचं असतं हे त्यांना सत्राच्या सुरुवातीला येत नव्हतं आणि शेवटीही आलं नाही. मी दर वेळी निम्मे गुण दिले होते. निम्म्या-निम्म्या गुणांवर ती मुलं पास झाली आणि इंटिग्रेशनच्या (डेरिव्हेटिव्हच्या उलट क्रियेच्या) सबस्टिट्यूशनला जाऊन आपटली. आपटणारच, सबस्टिट्यूशन म्हणजे चेन रूलच की, उलटा वाचलेला. उलट एका मुलाला पहिल्या चाचणीत लिमिट अजिबात कळलं नव्हतं. महिन्याभरात तो ते इतरांना शिकवायला लागला, तरी त्या पहिल्या ३ गुणांनी त्याची सरासरी शेवटपर्यंत खाली ओढली. सरासरी काय मोजत होती, देव जाणे.

कल्पना काही माझी नाही. अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूमने १९६८ साली मांडलं होतं की पुरेसा वेळ आणि मदत मिळाली तर बहुतेक विद्यार्थी, कदाचित ९० टक्क्यांहून जास्त, विषय नीट आत्मसात करू शकतात. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्राझिलियातल्या विद्यापीठासाठी मानसशास्त्राचा असाच अभ्यासक्रम बांधला: एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही, वेग ज्याचा त्याचा. त्या पद्धतीचं जुनं दुखणं म्हणजे चालढकल. ते माझ्या वर्गातही वस्तीला आलंय. शेवटच्या आठवड्यात सात-सात कौशल्यं घेऊन दारात उभे राहतात, म्हणून आता एका शुक्रवारी दोनच. प्रत्येक खेपेला प्रश्न नवा लागतो तो वेगळाच ताप. शंकूच्या टाकीत मी या सत्रात किती वेळा पाणी भरलं आणि किती फुगे फुगवले, याची मोजदाद नाही.

आणि एकदा जमलेलं पुढे विसरलं तर? त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मुख्य कौशल्यं सत्राअखेर पुन्हा एकदा दाखवायला लावते, झालं.

पण निम्मे गुण ही माझीच पळवाट होती, हे मात्र आता कळतंय. याच शिडीच्या प्रश्नात एका मुलाने पहिल्याच ओळीत ३ घातला आणि मग डेरिव्हेटिव्ह काढला. ९ चा डेरिव्हेटिव्ह शून्य, २५ चा शून्य, टोकाचा वेगही शून्य. पूर्वी पायथागोरसबद्दल ४ गुण देऊन मोकळी झाले असते. आता 'अजून नाही' लिहिलं. दुसऱ्या शुक्रवारी शिडीऐवजी फुगा होता, चूक तीच. तिसऱ्या खेपेच्या आधी तो माझ्या खोलीत आला. मी पट्टी भिंतीला टेकवली, पाया हळूहळू ओढत म्हटलं, "मी थांब म्हणेन तेव्हा सांग, पाया किती लांब आहे?" दोनदा थांबवलं, दोनदा वेगळा आकडा. तो पट्टीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे ३ हा फोटो आहे. मी फोटोचा वेग काढत होतो." असं मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. त्या शुक्रवारी त्याला जमलं.

हे आठवलं म्हणून या मुलीचा पेपर अडला. उणे हातातून निसटलं की तिला ते दिसलंच नाही, हे कागद सांगत नाही. घाईतली चूक असेल तर 'जमलं' आणि उत्तराकडे वळून बघायची सवयच नसेल तर 'अजून नाही'. दोन्हींचं अक्षर सारखंच.

शेवटी शिक्का मारलाच नाही. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "टोक वर जातंय की खाली? उद्या येऊन सांग."

आता शुक्रवारचे प्रश्न काढायचेत. पुन्हा टाकी नको. दोन गाड्या काटकोनात पळवते.