एका झाकणासाठी सत्तेचाळीस दिवस

सोसायटीच्या गेटच्या बाहेर फूटपाथवर एक चेंबर आहे, त्याचं झाकण जूनमध्ये कोपऱ्यातून फुटलं. आईचा पाय त्यात गेला, चहाच्या टपरीवाल्याने वेळेवर हात धरला म्हणून घोट्यावर निभावलं. त्याच संध्याकाळी मी महापालिकेच्या अ‍ॅपवर फोटो टाकला, टोकन नंबर आला, दहा मिनिटांचं काम.

चौथ्या दिवशी मेसेज, "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे." खाली जाऊन बघतो तर झाकण तसंच, फक्त भोकात कुणीतरी झाडाची फांदी खोचून वर लाल फडकं बांधलेलं. ते पण टपरीवाल्यानेच! महापालिकेने काय निराकरण केलं ते त्यांनाच माहीत.

तक्रार पुन्हा उघडली तर पथ विभागाचं उत्तर, काम मलनिःसारणचं. मलनिःसारणवाले म्हणे चेंबर पावसाळी गटाराचं, पथ विभागाकडे जा. असं तीनदा झालं, दरवेळी तक्रार बंद आणि मला वर रेटिंग द्यायची लिंक. शेवटी हाफ डे टाकून वॉर्ड ऑफिसला गेलो तर जेई (ज्युनिअर इंजिनिअर) साइटवर. दुसऱ्या दिवशी पण साइटवर. तिसऱ्यांदा भेटले, फोटो झूम करून बघितला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हे आमच्यात येत नाही." मी म्हटलं मग कुणात येतं ते तरी लिहून द्या, तर ते पण येत नाही.

तिथे बाकावर बसलेले एक रिटायर्ड काका म्हणाले, अहो झाकणावर काय कोरलंय ते बघा आधी. रविवारी खराटा घेऊन चिखल काढला (शेजारी बघत होते, बघू दे) तर त्यावर अक्षरं पावसाळी गटाराची, आणि आत वास मात्र सरळसरळ ड्रेनेजचा. म्हणजे मागे कधीतरी कुणीतरी हाताला लागलं ते झाकण बसवून गेलेलं. झाकण एकाचं, चेंबर दुसऱ्याचं, त्यामुळे दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि पाय आमचे जात होते.

मग अ‍ॅप सोडलं आणि कागदावर आलो. एकच अर्ज, वॉर्डच्या सहायक आयुक्तांच्या नावे, खाली "प्रत: पथ विभाग, मलनिःसारण विभाग", सोबत टेप लावून मोजलेल्या भोकाचा फोटो आणि बंद केलेल्या तिन्ही तक्रारींचे टोकन नंबर. आवक-जावकला दिला आणि आपल्या कॉपीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतला. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, क्लार्क "नंतर या" म्हणतोच. अर्जात एक ओळ मुद्दाम घातली, की ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणी दगावलं तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलंय. या ओळीने काम झालं की शिक्क्याने, देव जाणे, पण जेईंचा पहिल्यांदाच स्वतःहून फोन आला.

हो, एक राहिलं, अ‍ॅपवर "निराकरण" दिसलं की लगेच स्क्रीनशॉट काढा, माझा पहिला गेला तो गेलाच. आणि कागदावरही हलले नसते तर माहिती अधिकार टाकणार होतो, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि ३० दिवसांत उत्तर मागायचं, प्रश्न एकच: माझी तक्रार कुठल्या कामाच्या आधारे बंद केली? अर्ज टाइप करून ठेवलेला, वापरावा लागला नाही याचं थोडं वाईटच वाटलं.

अर्ज दिल्यापासून सहाव्या दिवशी नवीन झाकण बसलं. पक्कं बसलंय, फक्त फूटपाथपेक्षा दोन बोटं वर. आईला काल त्यालाच ठेच लागली. टपरीवाल्याने त्याला पिवळा रंग मारलाय आणि मी टेप शोधतोय.