प्रत्येक उंदराचे कारण

इंग्लंडमध्ये प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेचा, प्रकल्पाचा आणि प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या व्यक्तीचा असे तीन वेगळे परवाने १९८६ च्या कायद्याने लागतात. जांभळाच्या बियांच्या अर्काने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरते का, हे पाहण्यासाठी आमच्या गटाने केलेला अर्ज नीतिमत्ता समितीने एका प्रश्नासह परत पाठवला : प्रत्येक गटात आठच उंदीर का? ‘इतर शोधनिबंधांत तेवढेच असतात’ हे उत्तर इथे चालत नाही. साखर किती उतरली म्हणजे तो औषधाचा गुण मानायचा, हे आधी ठरवून त्यावरून संख्येचे गणित मांडावे लागते. उंदीर कमी पडले तर निष्कर्षच निघत नाही आणि सगळे जीव वाया जातात. जास्त घेतले तर वरचे वाया जातात.

मला राग आला होता, हे सांगितले पाहिजे. सोलापुरात आमच्या घरी जूनमध्ये जांभळे खाऊन झाली की बिया धुऊन, वाळवून, कुटून ठेवत, आणि काका आजही ती पूड अनशापोटी घेतात. आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या वापरलेल्या औषधाचा हिशेब परक्या देशातल्या समितीने का मागावा, असे मनात आले. पण समितीने हिशेब औषधाचा मागितला नव्हता, उंदरांचा मागितला होता.

त्या उंदरांना मधुमेह आम्हीच देतो. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारे स्ट्रेप्टोझोटोसिन टोचले की स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मरतात. मग उंदीर सारखे पाणी पितो, पिंजऱ्यातला भुसा ओला राहतो आणि वजन घटू लागते. म्हणून वजन २० टक्के घटले की त्या उंदराचा प्रयोग तिथेच थांबवून त्याचे हाल वेदनारहित मृत्यूने संपवायचे, हे अर्जातच लिहून द्यावे लागले. पिंजरे सांभाळणाऱ्या बाई रोज सकाळी प्रत्येकाची लव, चाल आणि पाठीचा बाक पाहून नोंद करतात, आणि त्यांनी नको म्हटले की प्राध्यापकांचेही काही चालत नाही. इथल्या अनेक गोष्टींचे मला कौतुक वाटत नाही. या अधिकाराचे मात्र मनापासून वाटते.

आपल्याकडे नियम नाहीत, असे इथे कोणी म्हटले की मी गप्प बसत नाही. आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि प्रत्येक संस्थेच्या समितीवर बाहेरचा प्रतिनिधी लागतो. ‘झाडपाल्याचे औषध’ म्हणून हसणाऱ्या एका सहकाऱ्याला मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाचे मूळही गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या वनस्पतीशी पोचते आणि माणसांवर ते पॅरिसमध्ये १९५७ मध्ये वापरले गेले, याची मी आठवण करून दिली. पण प्रयोगासाठी लागणारा सलग वेळ, पैसा आणि सांभाळणारी माणसे मला इथे मिळाली, म्हणून मी इथे आहे.

सोलापूरच्या वाचकांना मुख्यतः सांगायचे ते पुढचे. ‘उंदरांत सिद्ध झाले’ असे छापून येते तेव्हा तो उंदीर बऱ्याचदा असा बीटा पेशी मारलेला असतो. काकांसारख्या बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असतो, त्यात इन्शुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही. अर्काने मळमळून उंदराने कमी खाल्ले तरी साखर उतरते, म्हणून खाद्य रोज वजन करून ठेवावे लागते. उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने, म्हणजे ६.२ ने भागून, ६० किलोच्या माणसाला सुमारे ५ ग्रॅम अर्क लागतो, आणि तेवढा अर्क काढायला पूड त्याच्या कितीतरी पट लागते. काकांच्या चमचाभर पुडीशी त्याची तुलना होत नाही. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या काढ्याची माणसांवर तुलनात्मक चाचणी झाली, तिच्यात साखर उतरली नाही. बियांचे वेगळे निघू शकेल, पण ते गृहीत धरता येत नाही.

काकांना मी फोनवर एवढेच सांगितले की गोळ्या बंद करू नका आणि पुडीचे डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण दोन्ही मिळून साखर फार खाली गेली तर त्यांना कारण कळले पाहिजे.

समितीकडे आता दुरुस्त अर्ज गेला आहे. त्यात मेटफॉर्मिन दिलेला एक गट वाढवला आहे, कोणत्या पिंजऱ्याला काय दिले ते मोजणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था केली आहे, आणि आठ या संख्येखाली तिचे गणित पानभर लिहिले आहे.