ल्यूबेकचं कॉग, १:५० : फळ्या बसल्या, आता माल आणि बंदराचा धक्का

कॉग म्हणजे मध्ययुगातलं मालवाहू जहाज. ल्यूबेक या जर्मन बंदरातल्या अशा कॉगच्या माझ्या मॉडेलच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या बसल्या. आधार अर्थातच १९६२ साली ब्रेमेनला वेझर नदीत सापडलेल्या, सुमारे १३८० सालच्या कॉगचा. लांबी साधारण २३.३ मीटर, रुंदी ७.६, म्हणजे मॉडेलमध्ये ४६.६ आणि १५.२ सेंमी. मूळ जहाज ओकचं, पण ओकच्या रेषा या मापात जाड दिसतात. म्हणून १ मिमी जाडीच्या शिवण लाकडाच्या पट्ट्या, वर स्टेनचा (लाकडाच्या रंगाचा) पातळ हात.

खरी मेख तळाला आहे. तळाच्या फळ्या मध्यभागी कडेला कड लावून सपाट बसतात आणि नाळेकडे (पुढच्या टोकाकडे), पिछाडीकडे जाताना एकमेकींवर चढतात. चढ सुरू होतो तिथे दोन्ही कडा ४-५ सेंमीपर्यंत तिरक्या तासायच्या. नाहीतर पायरी उठते आणि वरच्या प्रत्येक फळीत वाढत जाते. बाजूंना चढ २ मिमी पुरतो. पट्टी २० मिनिटं गरम पाण्यात, मग साच्यावर चिमट्यांनी बांधून रात्रभर वाळवायची. ओलीच चिकटवली तर आकसून फट पडते. खिळ्यांसाठी ०.५ मिमी पितळी तार. भोक आधी पाडा, नाहीतर फळी टोकाला चिरते.

आता माल, आणि ल्यूबेक मोठं झालं ते यातच. ल्यूनेबुर्गचं मीठ ल्यूबेकला यायचं, तिथून कॉगमधून स्कोनेच्या (आजच्या दक्षिण स्वीडनच्या, तेव्हा डेन्मार्कच्या) किनाऱ्यावर. तिथे उन्हाळ्याच्या अखेरीस हेरिंग माशांचा हंगाम. चार-पाच पिंपं मासळी खारवायला साधारण एक पिंप मीठ. मासळी डेन्मार्कच्या हद्दीत, मीठ ल्यूबेकच्या हातात! डेन्मार्कचा राजा चौथ्या वाल्डेमारने १३६१ मध्ये गोटलांड बेटावरचं विस्बी हे व्यापारी शहर घेतलं. पुढच्या वर्षी ल्यूबेकचा महापौर योहान विटेनबोर्ग हेल्सिंगबोर्गला आरमार हरला आणि १३६३ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. पण १३६७ मध्ये हान्सा या व्यापारी संघाच्या शहरांनी डेन्मार्कविरुद्ध कोलोनला एकजूट केली, आणि १३७० च्या स्ट्रालसुंड तहाने स्कानोर, फाल्स्टर्बो, माल्मो, हेल्सिंगबोर्ग हे चार किल्ले १५ वर्षांसाठी आणि त्यांच्या महसुलाचा दोन तृतीयांश वाटा पदरात पडला.

म्हणून जहाज जातंय की परततंय हे आधी ठरवा. जाताना मीठ, येताना हेरिंग. दोन्हींची खिचडी नको. पिंप १५ मिमी उंच.

धक्क्यावर हमखास होणाऱ्या चुका: होल्स्टेनटोर दरवाजा १४७८ चा, नदीकाठची विटांची मिठाची गोदामं १६ व्या शतकापासूनची. फोटोत छान दिसतात, पण १३८० च्या देखाव्यात दोन्ही बाद. ल्यूनेबुर्गचं मीठ होड्यांतून ल्यूबेकला आणणारा स्टेकनिट्झ कालवाही १३९८ चा, म्हणून मिठाच्या होड्या नकोत, बैलगाड्या-घोडागाड्या हव्यात.

पुढचं काम डोलकाठीचं. मूळ जहाज बांधून पुरं होण्याआधीच वाहून गेलं होतं, त्यामुळे डोलकाठी, परमण (शीड बांधायची आडवी काठी), शीड काहीच मिळालेलं नाही. एकच चौकोनी शीड नक्की, कारण शहरांच्या जुन्या मुद्रांवर (शिक्क्यांवर) तेच दिसतं. डोलकाठी मात्र सध्या चिकटवायची नाही, नुसती खोबणीत उभी ठेवायची. उंची बदलावी लागली तर काढता येते.