मालवणहून भोगवे: होडीने नव्हे, रस्त्याने जावे

जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघांनी मालवणात मुक्काम केला आणि सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत परतता येईल अशा पुळणी चार दिवसांत पाहिल्या. त्यांपैकी दोन दिवस एकट्या भोगव्याने खाल्ले आणि त्यांतला पहिला केवळ आमच्या अज्ञानामुळे वाया गेला. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः भोगव्याचाच आहे.

फसगतीचे मूळ नकाशात आहे. तारकर्लीच्या पुढे देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी असून तिच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी आहे. पट्टीच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते आणि समोरच्या तीरावर भोगवे इतके जवळ दिसते की, होडीने दहा मिनिटांत तेथे उतरू, असे कोणालाही वाटावे. देवबागला आम्ही एक होडी ठरवली. होडीवाल्याने २,४०० रुपये सांगितले, घासाघीस करून १,८०० वर आला आणि ‘भोगवा दाखवतो’ असे म्हणाला. त्याने शब्द पाळला. मुखाशी लाटा उसळत होत्या, म्हणून त्याने होडी लांबच थांबवली, किनाऱ्याकडे बोट केले आणि परत वळवली. ‘दाखवणे’ आणि ‘उतरवणे’ यांतला फरक पैसे ठरवतानाच स्पष्ट करून घ्यावा. आम्ही तो घेतला नाही. त्यातच आमच्यानंतर तीच फेरी करून आलेल्या पाच जणांच्या कुटुंबाने दुसऱ्या होडीला १,२०० रुपये दिल्याचे धक्क्यावर कळले, तेव्हा उरलासुरला उत्साहही मावळला.

त्याच फेरीत ‘त्सुनामी बेट’ही होते. २००४ च्या त्सुनामीनंतर हा वाळूचा पट्टा वर आला असे लोक सांगतात. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती होती, त्यामुळे बेटाच्या नावाखाली मांडीभर पाण्यात उभे राहून फोटो काढणारी गर्दीच तेवढी पाहिली. तेथे जायचेच असेल तर ओहोटीच्या सुमारास जावे, आणि ती वेळ त्याच दिवशी विचारून घ्यावी, कारण भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाण्याची चढउतार अधिकच असते. संगमाच्या मुखाशी पोहायला उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला तेथे चांगलीच ओढ असते.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात गाडी काढली. देवबागच्या टोकावर पूल नसल्यामुळे चौके-धामापूरवरून नेरूरपारच्या पुलापर्यंत जाऊन, तेथे कर्ली ओलांडून, वालावल आणि परुळे करत भोगवे गाठावे लागते. आमच्या मीटरवर हे अंतर ३८ किलोमीटर भरले. रस्ता अरुंद आणि वळणांचा असल्याने सव्वा तास हाताशी ठेवावा. परुळ्याच्या बाजारात पाणी आणि खाणे घेऊन ठेवावे. आम्ही ते खाली मिळेल या भरवशावर राहिलो आणि पुढची चूक केली.

ती चूक म्हणजे पुळणीच्या उत्तर टोकापासून दक्षिणेला निवतीच्या किल्ल्याच्या टेकडीपर्यंत सकाळी अकराला चालत निघणे. वाटेत सावली नाही, कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततात आणि टेकडी जवळ येता येत नाही. निम्म्या वाटेवर आमच्या दोन बाटल्या संपल्या. चालायचेच असेल तर सूर्य वर येण्यापूर्वी, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवरून चालावे. अन्यथा गाडी थेट किल्ले निवतीच्या वस्तीपर्यंत न्यावी आणि तेथून टेकडी चढावी. किल्ल्यात जांभ्या दगडाची तटबंदी, खंदक आणि माजलेली झाडी याखेरीज फारसे काही उरलेले नाही. परंतु तटावरून उत्तरेकडे भोगव्याची जी अखंड पांढरी कमान दिसते, तिच्यासाठी मी तेच ऊन पुन्हा सोसेन. हे वाक्य कदाचित थकवा उतरल्यानंतरच्या आनंदात लिहिले जात असेल, तरीही ते तसेच ठेवतो.

उरलेल्या दोन दिवसांचे थोडक्यात सांगतो. तारकर्ली शनिवार-रविवारी टाळावी. तोंडवळी-तळाशील येथे सुरूच्या बनात सावली आहे, माणसे कमी आहेत आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी भोगव्याऐवजी तेथेच जावे. आचऱ्याला सकाळी लवकर पोहोचल्याने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहता आली.

भोगव्याहून दुपारी तीनच्या आत निघावे. आम्ही सूर्यास्त पाहण्याच्या मोहाने थांबलो आणि परुळ्यापर्यंतची सगळी वळणे अंधारात, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी कडेला दबत पार केली. सूर्यास्तच हवा असेल तर परुळे परिसरातच रात्रीची खोली आधी ठरवून ठेवावी.