तबला चढलेला नव्हता : सॅम्पल रेटपायी गेलेले नऊ दिवस

वडिलांच्या आवाजातील अभंग घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी गेल्या पावसाळ्यात हाती घेतले. माइक आणि ऑडिओ इंटरफेसची (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणाची) खरेदी, खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगणे, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर बाबांचे गाणे मुद्रित करणे हे सगळे दोन आठवड्यांत सुरळीत पार पडले. पुढचे नऊ दिवस मात्र एका आकड्यापायी, म्हणजे सॅम्पल रेटपायी (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा), वाया गेले आणि त्याची चीड अजून पुरती शमलेली नाही.

बाबा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, गातात. आमचे तबल्याचे साथीदार सांगलीला असतात. सात मिनिटांच्या अभंगाची फाइल मी त्यांना पाठवली, त्यांनी ती हेडफोनवर ऐकत ठेका धरला आणि केवळ तबल्याची फाइल मला परत पाठवली. ती मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील माझ्या प्रोजेक्टमध्ये आणताना पडद्यावर चौकट उघडली : फाइलचा सॅम्पल रेट प्रोजेक्टपेक्षा वेगळा आहे, रूपांतर करायचे का? रूपांतर केले की आवाजाचा दर्जा घसरतो अशी माझी समजूत होती, म्हणून मी ‘नाही’ निवडले आणि त्याखालच्या ‘पुन्हा विचारू नका’ या चौकोनातही खूण केली.

पहिली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बरोबर जुळली. दुसऱ्या आवर्तनाला (तालाच्या दुसऱ्या फेरीला) तबला किंचित पुढे गेला आणि बारा-तेरा आवर्तनांत तो गाण्याच्या एक अख्खे आवर्तन पुढे पोहोचला. त्याहून वाईट म्हणजे तो सुरातही नव्हता. मी पेटी काढून पडताळले. तबल्याचा स्वर पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध होता. पेटीवर जो स्वरच नाही, त्या स्वराला कोणी तबला लावेल कसा, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. त्याऐवजी मी सांगलीला फोन लावला आणि तबला चढला असल्याचे सांगितले.

ते दुखावले गेले. “अहो, पेटी समोर ठेवून लावलाय. ऐका,” असे म्हणून त्यांनी फोन जवळ धरला, काळी एक दाबून ठेवली आणि चाटीवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, बोट मारले. स्वर तंतोतंत मिळत होता. चाळीस वर्षे साथ करणाऱ्या माणसाला मी सूर नीट लावला का असे विचारले होते, याची मला आजही खंत वाटते.

मग मी इंटरफेस विकणाऱ्या दुकानाला फोन केला. तेथील तंत्रज्ञांनी ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकायला सांगितले. ते केले. दुसऱ्या दिवशी बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढ्या नमुन्यांचा साठा) १२८ वरून ५१२ करायला सांगितले. बफर वाढवल्याने मुद्रणातली करकर थांबते, हे खरे आहे. पण त्याचा पट्टीशी काहीही संबंध नसतो. तिसऱ्या दिवशी इंटरफेस बदलून घ्या असा सल्ला मिळाला. तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या व्यक्तींशी बोलणे झाले. तुमचा प्रोजेक्ट किती सॅम्पल रेटवर आहे आणि आलेली फाइल किती, एवढा एक प्रश्न त्यांतील एकीनेही विचारला नाही. मी आवाज चढल्याची तक्रार करत होतो आणि तिचे उत्तर त्या एका प्रश्नात होते.

शेवटी मी सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचे मुद्रण ताणून लांब केले आणि पट्टी दीड स्वराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीइतकी, खाली आणली. सूर जवळपास जुळला, पण चाटीचा कणखर टणत्कार बोथट झाला आणि डग्ग्याची गमक चिखलात पाय ओढावा तशी ऐकू येऊ लागली. असा तबला बाबांच्या आवाजाखाली ठेवणे मला मान्य नव्हते.

नवव्या रात्री सांगलीची तीच फाइल मी सहज साध्या प्लेअरवर लावली. तेथे ती सात मिनिटांची होती आणि काळी एकमध्ये होती. प्रोजेक्टमध्ये तिचीच लांबी ६ मिनिटे २६ सेकंद दिसत होती. मी ४२० ला ३८६ ने भागले, उत्तर १.०८८ आले. माझा प्रोजेक्ट ४८,००० वर होता आणि फाइल ४४,१०० ची होती. ४८,००० ला ४४,१०० ने भागले, तरी उत्तर १.०८८! रात्रीचे दीड वाजले होते आणि मला बाबांना उठवून सांगावेसे वाटले.

म्हणजे घडले होते ते असे. दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेऊन सांगलीत तबला मुद्रित झाला. माझा प्रोजेक्ट मात्र तेच नमुने दर सेकंदाला ४८,००० या वेगाने वाजवत होता. टेप जोरात फिरवावी तसे लय आणि सूर दोन्ही वर गेले. चार सेकंदांचे आवर्तन ३.६७ सेकंदांत संपू लागले. सेटिंगमध्ये जाऊन मी ‘पुन्हा विचारू नका’ची ती खूण काढली, मूळ फाइल पुन्हा आणली, या वेळी ‘रूपांतर करा’ निवडले, आणि तबला शेवटच्या समेपर्यंत गाण्याबरोबर चालला. रूपांतराने दर्जा घसरल्याचे माझ्या कानाला तरी जाणवले नाही. ती खूण कोणीही करू नये.

हे दोन आकडे मुळात आहेतच का, असा राग मला आला होता. सीडीपूर्व काळात डिजिटल आवाज व्हिडिओ कॅसेटवर साठवत असत. व्हिडिओ-चित्राच्या २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक रेषेवर ३ नमुने, असा गुणाकार करून ४४,१०० हा आकडा येतो आणि सीडीने तोच स्वीकारला. चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात ४८,००० रुळला. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटींनी त्याला भागले, तर प्रत्येक चौकटीला नेमके २,००० नमुने येतात. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत) ऐकू येते आणि त्याच्या दुपटीहून अधिक नमुने लागतात, त्यामुळे दोन्ही आकडे पुरेसे आहेत. अभंगांना पुढे चित्रफीत जोडायची असल्याने मी ४८,००० वर ठाम राहिलो. ९६,००० च्या मोहात मी पडलो नाही. फाइल दुप्पट होते आणि माझ्या गोधड्यांच्या खोलीत त्याचा उपयोग नाही.

आकडा कोणताही निवडा, पण पहिला स्वर मुद्रित करण्यापूर्वी निवडा आणि तो तीन ठिकाणी पाहा : प्रोजेक्टमध्ये, इंटरफेसच्या पॅनेलमध्ये आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये. मुद्रणाच्या वेळी ब्राउझर बंद ठेवा, कारण काही इंटरफेसवर दुसरा प्रोग्रॅम आधीच वेगळा रेट धरून बसतो. ऑडॅसिटी हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ट्रॅकच्या मेनूतला ‘रेट’ बदलू नये, त्याने केवळ वेग आणि सूर बदलतात. त्यांना ‘रीसॅम्पल’, म्हणजे खरे रूपांतर, हवे असते. दोन यूएसबी माइक एकाच वेळी जोडण्याचा विचार असेल, तर प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र असते, त्यामुळे दोन्हींचा रेट सारखा असला तरी लांबच्या मुद्रणात ते हळूहळू सरकतात.

आता मी प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला पेटीची काळी एक दहा सेकंद धरून ठेवतो. फाइल कोठेही उघडली, तरी त्या दहा सेकंदांत पट्टी कळते. सांगलीला फोन करून मी माफी मागितली. त्यांनी फक्त “मग आता लागला का?” एवढेच विचारले. त्यांच्या नव्या फाइलच्या नावातच ‘४८०००’ लिहिलेले असते. आणि हो, ताणून बिघडवलेल्या प्रती त्याच दिवशी पुसून टाका. माझी एक फोल्डरमध्ये राहिली होती आणि महिन्याभराने तीच चुकून दुसऱ्या मिश्रणात आली.