ओसाका, आई आणि उष्टं

जपानला जाताना आईची एकच अट होती, मला फसवून मासे खायला घालायचे नाहीत. म्हणून ओसाकात पहिल्याच संध्याकाळी तीन तासांची फूड टूर घेतली, फॉर्मवर व्हेज लिहिलं आणि निर्धास्त झालो. तिथेच चुकलो.

गाइडबाईंनी पाच मिनिटांत खरं सांगून टाकलं. इथल्या जेवणाचा जीव दाशीत, म्हणजे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचं पाणी, आणि ते सूपमध्ये, सॉसमध्ये, ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेल्या जाड धिरड्याच्या) पिठातसुद्धा असतं. वरचं मांस काढा, मासा आत आहेच! कोम्बू एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून जहाजाने इथे यायचा, तांदळाचा मोठा बाजारही इथलाच, म्हणून ओसाकाला देशाचं स्वयंपाकघर म्हणायचे.

दोतोम्बोरी या कालव्याकाठच्या खाऊगल्लीत ग्लिको या गोळ्या-बिस्किटांच्या कंपनीच्या पाटीवरच्या पळणाऱ्या माणसाखाली फोटो काढले (ती पाटी पहिल्यांदा लागली 1935 मध्ये, ताकोयाकी या पिठाच्या गोळ्यांचा जन्मही त्याच सालचा मानतात) आणि मी ताकोयाकी घेतली. आई तवा बघून म्हणाली, "अगं, हे तर आपलं आप्पेपात्र!" आत ऑक्टोपस आहे म्हटल्यावर दोन पावलं मागे सरकली. मी आख्खी तोंडात टाकली आणि जीभ भाजली ती दोन दिवस.

मग शिनसेकाई हा शहराचा जुना भाग, तिथल्या त्सुतेनकाकू टॉवरजवळ कुशिकात्सु. काडीला खोचून तळलेलं काहीही, मांस, कमळकाकडी, भोपळा. टेबलावर सगळ्यांना मिळून सॉसचा एक डबा आणि भिंतीवर पाटी, दोनदा बुडवायचं नाही. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी सॉसच्या बाटल्या आल्यात म्हणे, इथे डबाच होता. गाइडबाई नियम समजावत होत्या, बाकीचे टुरिस्ट हसत होते, आई मात्र एकदम गंभीर, "बरोबरच आहे, उष्टं होतं ना!" त्या शब्दाला इंग्रजी काय सांगायचं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

भोपळ्याची काडी तिने जवळजवळ उचललीच होती, पण बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की तेल सगळ्याला एकच. उरला काय, फुकटचा कच्चा कोबी. आईने पर्समधून लसणीच्या चटणीची डबी काढली, कोबीवर भुरभुरली आणि दोनदा कोबी मागवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, बाहेरचं खाणं दुकानात काढलं म्हणून. गाइडबाईंनी आधी मान तिकडे फिरवली आणि मग हळूच तळहात पुढे केला.