सी-१० वर उघडे हेडर चालवायचे असतील तर

जुन्या अमेरिकन पिकअपचं काम निघालं की इंजिनातला धूर बाहेर नेणारे कास्ट आयर्नचे मॅनिफोल्ड उतरतात, त्यांच्या जागी लाँग-ट्यूब हेडर, म्हणजे दर सिलिंडरला वेगळी लांब नळी, चढतात आणि तिथेच पैसे संपतात. पुढची पाइपलाइन, सायलेन्सर, हँगर सगळं 'पुढच्या महिन्यात'. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "राहू दे की उघडेच, गाडी उलट जास्त ओढेल." अमेरिकेत राहून गॅरेजात जुनी शेवर्ले उभी करणाऱ्या मराठी मंडळींनाही हा सल्ला फुकटात मिळतो. ट्रक रोज रस्त्यावर चालणार असेल, तर तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

इथे समोर धरली आहे ती १९६७ ते १९७२ मधली शेवर्ले सी-१०, ३५० क्युबिक इंचांचं स्मॉल ब्लॉक व्ही-८, साधारण स्टॉक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), १ ५/८ इंची प्रायमरी नळ्या (दर सिलिंडरची एक) आणि त्या जिथे एकत्र येतात तो ३ इंची कलेक्टर. फोर्ड एफ-१०० किंवा डॉज डी-१०० असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, बाकी गणित तेच.

हेडरने ताकद वाढते हे खरं, पण ती नळ्यांच्या लांबीने आणि व्यासाने वाढते, शेवटचं तोंड उघडं ठेवल्याने नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून खाली धावते. नळी संपून कलेक्टरची मोठी जागा लागते, तिथून उणा दाब उलटा व्हॉल्व्हकडे परततो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या क्षणी तो पोचला, तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ओढून काढतो आणि ताजं मिश्रण आत खेचतो. कलेक्टरच्या शेवटी लाट पुन्हा एकदा परतते. कलेक्टर आखूड तर ही परतफेड लवकर होते आणि तिचा फायदा वरच्या आरपीएमला मिळतो. लांब असला तर तोच फायदा खाली सरकतो. हेडरसोबत येणारा कलेक्टर वीतभर असतो. तो तसाच उघडा सोडला की फायदा ५,००० च्या आसपास ढकलला जातो आणि २,००० ते ३,००० मध्ये टॉर्क पडतो. लांब गिअर रेशोची स्टॉक पिकअप सगळं आयुष्य तिथेच काढते. सिग्नलवरून निघताना गाडी आधीपेक्षा सुस्त वाटते, पण आवाजामुळे चालवणाऱ्याला ती जोरात पळतेय असं वाटत राहतं. स्टॉपवॉच लावलं की खरं काय ते कळतं.

उघडं चालवायचंच असेल, तर कलेक्टरला त्याच व्यासाचा १२ ते १८ इंची सरळ तुकडा बोल्टने जोडा. गेलेला बराचसा टॉर्क तेवढ्यानेच परत येतो. चांगल्या सायलेन्सरने किती ताकद जाते, याचा गॅरेजमधला जुना हिशेब असा: एका हॉर्सपॉवरमागे सायलेन्सरने २.२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाऊ दिली की नुकसान जवळपास जाणवत नाही. ३०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एकूण ६६० सीएफएम, म्हणजे दोन पाइप असतील तर प्रत्येकी ३३०. सरळ आरपार जाळीचे अडीच इंची सायलेन्सर हे सहज देतात. मग उघडं ठेवून नेमकं मिळवायचं काय?

"इंजिनाला थोडा बॅकप्रेशर लागतोच" हा समज दुसऱ्या टोकाचा. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो वायूचा वेग. फार मोठ्या पाइपात वेग मरतो, म्हणून खालचा टॉर्क जातो, आणि लोक त्याचं खापर बॅकप्रेशर कमी झाल्यावर फोडतात. उघड्या हेडरमधून थंड हवा शिरून व्हॉल्व्ह वाकतात ही गोष्टही जितकी सांगितली जाते तितकी खरी नाही. हातभर लांबीच्या नळ्या आणि पुढे कलेक्टर असेल, तर हवेला व्हॉल्व्हपर्यंत पोचायला बराच रस्ता आहे. व्हॉल्व्ह जळतात ते बहुतेक लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेल्या, मिश्रणाने, किंवा जुन्या हेडमधल्या मऊ सीट शिसंविरहित पेट्रोलवर झिजून व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाल्याने.

लीनवरून कार्ब्युरेटरकडे. एक्झॉस्ट मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं आणि आधी बरोबर असलेलं जेटिंग (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं माप) अपुरं पडू शकतं. होली कार्ब असेल तर प्रायमरी जेट दोन नंबरने वाढवून सुरुवात करा. ६६ असेल तर ६८. मग फुल थ्रॉटलवर एक ओढ घेऊन लगेच इंजिन बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये थांबवा आणि प्लग काढून बघा. पोर्सिलीन पांढरंफटक म्हणजे लीन, फिकट बदामी म्हणजे ठीक, काजळी म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. आजच्या पेट्रोलवर प्लगला रंग उशिरा चढतो, म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर बरा. फुल थ्रॉटलला १२.५ ते १२.८ दिसायला हवं. पण उघड्या हेडरवर वाइडबँड सर्रास खोटं बोलतो. आयडलिंगला प्रत्येक दोन पल्सच्या मध्ये बाहेरची हवा कलेक्टरच्या तोंडातून आत येते, सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि मीटर १६-१७ दाखवतो. ते बघून आयडल मिक्श्चर स्क्रू सोडत बसलात तर प्लग काळे होतील. सेन्सर उघड्या तोंडापासून किमान दीड फूट आत हवा, आणि तरीही आयडलचं रीडिंग मनावर घेऊ नका. पाय काढल्यावर होणारे फटाके याच आत आलेल्या हवेचे: न जळलेलं पेट्रोल आणि ताजा ऑक्सिजन गरम नळीत भेटतात.

आवाजाबद्दल एक सांगायला हवं, कारण अर्धी मंडळी त्याच्यासाठीच हे करतात. शेवर्लेचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२. विषम सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, सम पलीकडे. म्हणजे ५ आणि ७ एकाच बाजूला लागोपाठ, ८ आणि ४ दुसऱ्या बाजूला लागोपाठ. दोन्ही बाजू वेगळ्या उघड्या असल्या की ही अडखळ स्वच्छ ऐकू येते. तो खडबडीत ठोका तिथून येतो. सायलेन्सरच्या आधी दोन्ही पाइप जोडणारा एच-पाइप टाकला की दोन बाजू एकमेकींचे पल्स वाटून घेतात आणि आवाज गोल होतो, खालचा टॉर्कही थोडा सुधारतो. जाता जाता: ५ आणि ७ च्या प्लग वायरी एकमेकींना चिकटवून नेऊ नका. एकीतला करंट दुसरीत उमटतो आणि ७ नंबर वेळेआधी पेटतो. हेडर बसवताना वायरी नळ्यांपासून लांब बांधायच्या नादात नेमकं हेच होतं.

आता खरा धोका. लाँग-ट्यूबचा कलेक्टर ड्रायव्हरच्या पायांखाली संपतो. तिथे सोडलेला धूर जमिनीवर आपटतो, फ्लोअरखाली पसरतो आणि आत शिरायला वाट शोधतो. पन्नास वर्षं जुन्या केबिनमध्ये वाटांना तोटा नाही: किक पॅनलमागचा गंज, केबिनचे मागचे कोपरे, गिअर लीव्हरचं फाटलेलं रबर, क्लच रॉडचं बूट, फायरवॉलमधली वायरिंगची ग्रोमेट निघालेली भोकं, हीटर बॉक्सची कडा. मागची सरकती काच उघडी आणि बाजूच्या बंद असतील तर आणखी वाईट, कारण चालत्या केबिनमागे दाब कमी असतो आणि धूर तिथे घोटाळतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, मग निर्णय चुकणं, आणि हे सगळं स्टिअरिंगमागे.

तपासायची पद्धत सोपी आहे. रात्री गॅरेजचे दिवे घालवा, एकाने ट्रकखाली जोरदार टॉर्च फिरवायचा, दुसऱ्याने कार्पेट आणि सीट काढलेल्या केबिनमध्ये बसून बघायचं. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण. गंजलेल्या जागी पत्रा वेल्ड करून वर सीम सीलर, भोकांना नवी ग्रोमेट. फोम ठासून भरणं ही फसवणूक आहे. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ठेवा, पण घरातला अलार्म नको. अमेरिकेतल्या यूएल २०३४ मानकाचा घरगुती अलार्म ७० पीपीएमला (दहा लाख भागांत ७०) एक ते चार तासांनी ओरडतो. ट्रकमध्ये तोवर फार उशीर झालेला असतो. आकडा थेट दाखवणारा, कमी पातळीपासून मोजणारा मीटर घ्या. कामाच्या ठिकाणासाठी नायॉश या अमेरिकी सरकारी संस्थेची दिवसभराची सरासरी मर्यादा ३५ पीपीएम आहे आणि २०० च्या वर क्षणभरही नाही. केबिनमध्ये ३५ दिसायला लागले की काचा खाली, गाडी कडेला.

कानांचंही तसंच. नायॉशच्या हिशेबात ८५ डेसिबल आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा; १०० ला फक्त पंधरा मिनिटं. सिंगल केबिनमध्ये डोक्यामागे काच आणि पायांखाली उघडा व्ही-८, हायवेवर पंधरा मिनिटं सहज संपतात.

उष्णतेचा त्रास हेडरसोबत येतोच. स्मॉल ब्लॉकचा स्टार्टर उजव्या बाजूला खाली, नळ्यांच्या कुशीत. गरम गाडी बंद केली की सोलेनॉइड (स्टार्टरचा विद्युत स्विच) तापतो आणि चावी फिरवल्यावर नुसतं 'टक'. स्टार्टरला हीट शील्ड लावा किंवा लहान हाय-टॉर्क स्टार्टर बसवा. नळ्यांना हीट रॅप गुंडाळायचा मोह आवरा. साध्या लोखंडी नळीवर तो ओल धरून ठेवतो आणि आतून गंज खातो, सिरॅमिक कोटिंग महाग पण टिकाऊ. या ट्रकची पेट्रोलची टाकी १९७२ पर्यंत केबिनमध्ये, सीटच्या मागे असे. तिच्यापासून इंजिनाच्या उजव्या बाजूच्या पंपापर्यंत येणारी लाइन, ब्रेक लाइन आणि ऑटोमॅटिकची कूलर लाइन कलेक्टरच्या तोंडासमोर येत नाही ना, हे खाली झोपून बघा. आणि वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. जमिनीकडे वळवलेलं उघडं तोंड गवत पेटवायला पुरेसं आहे.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, पण त्याचा अर्थ सायलेन्सर काढायला परवानगी असा लोक काढतात, तो चूक. तिथल्या व्हेइकल कोडच्या कलम २७१५० नुसार सायलेन्सर हवाच, आणि २७१५१ नुसार ६,००० पाउंडांखालच्या गाड्यांना ९५ डेसिबलची मर्यादा. टेक्सासात ट्रान्स्पोर्टेशन कोडचं कलम ५४७.६०४ सायलेन्सर टाळून जाणारा कटआउट वापरायलाच मनाई करतं. १९७५ किंवा त्यानंतरचा ट्रक असेल तर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) होता का ते बघा; असेल तर तो काढणं संघराज्याच्या कायद्यात बसत नाही.

मग मधला मार्ग काय? ३ वरून २ १/२ इंची रिड्यूसर, दुहेरी पाइप, ट्रान्समिशनच्या मागे एच-पाइप, सायलेन्सर, आणि टेलपाइप मागच्या चाकांच्या पलीकडे. अॅक्सलच्या आधीच तोंड खाली वळवून थांबलात तर धूर पुन्हा केबिनखालीच. हेडरचे बोल्ट ३/८ इंची, १६ आट्यांचे, दर बाजूला सहा. मधून बाहेरच्या दिशेने २० ते २५ फूट-पाउंडांवर आवळा, आणि पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांनंतर थंड इंजिनावर पुन्हा. हे न केल्याने पॅकिंग जळतं.

ड्रॅग स्ट्रिपवर टेस्ट नाइटला उघडं चालवायचं असेल, तर आधी ट्रॅकची आवाजाची मर्यादा विचारा, काही ट्रॅकवर ती कडक असते. गाडी जॅक स्टँडवर, हेडर हात लावण्याइतके थंड, ९/१६ चा पाना. दर बाजूचे तीन कलेक्टर बोल्ट काढा, मागचा पाइप तारेने चासीला बांधा, लोंबकळू देऊ नका. मघाचा सरळ तुकडा, म्हणजे एक्स्टेंशन, लावा, तोंड मागे आणि टाकी, टायर यांच्यापासून दूर. जेट बदला. परतीच्या वेळी जेट पूर्ववत आणि कलेक्टरला नवं पॅकिंग. दाबलेलं जुनं पुन्हा बसत नाही. गळती शोधायला इंजिन चालू करू नका. शॉप व्हॅकची (गॅरेजातल्या व्हॅक्यूम क्लीनरची) फुंकणारी बाजू एका टेलपाइपला लावा, दुसऱ्यात चिंधी कोंबा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे, तिथला बोल्ट आणखी पाव फेरा.